ग्लॅडिएटरांची चाल

आमच्या सांगलीकडे विष्णुपंत छत्र्यांपासून सर्कशीचं वेड. तंबूत विदूषक कोलांट्या मारत शिरले, की बँडवाले एक धावती, घसरती धून वाजवायचे. हसू आधी यायचं, विदूषक नंतर दिसायचा. तिला कुणी कर्ता असेल, हे तेव्हा मनातही येत नसे.

युलियस फुचिक हे नाव कॉलेजात भेटलं ते निराळ्याच वाटेनं. प्रागच्या पांक्राट्स तुरुंगात चिटोऱ्यांवर लिहिलेलं, पहारेकऱ्यानं लपवून बाहेर पोचवलेलं त्या चेक पत्रकाराचं पुस्तक आम्हा मित्रांत हातोहात फिरत होतं. नाझींनी त्याला १९४३ साली बर्लिनमध्ये फाशी दिली. पुढे बऱ्याच काळानं एका रेकॉर्डच्या वेष्टनावर तेच नाव वाचून मी चमकलो. हा त्याचा काका निघाला, आणि सर्कशीतली ती धून याची!

काकाचा जन्म १८७२ सालचा, प्रागचा. तिथल्या संगीत विद्यालयात तो संगीतकार द्वोर्झाककडे रचना शिकला आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी बँडमध्ये गेला. पलटणीची बदली होईल तिकडे बिऱ्हाड. १८९७ साली सारायेव्होत ८६व्या पायदळ पलटणीचा बँडमास्तर असताना त्यानं हा मार्च लिहिला. आधी त्याचं नाव नुसतं ‘क्रोमॅटिक मार्च’ असं होतं. प्राचीन रोमच्या ओढीनं त्यानं ते ‘ग्लॅडिएटरांचा प्रवेश’ केलं.

रेकॉर्डवरचा बँड तो संथ, पावलाला पाऊल लावून वाजवत होता. मी थक्क झालो. पेटीवरची काळी-पांढरी एकही पट्टी न गाळता उतरावं, तसे सूर अर्ध्या अर्ध्या पायरीनं सरकतात; ‘क्रोमॅटिक’ म्हणतात ते हेच. मधल्या भागात तेच काम ट्रॉम्बोन आणि ट्यूबा करतात, तेव्हा छातीत घुमतं. बहुतेक पितळी वाद्यांना झडपा बसल्या, म्हणून त्यांना हे साधलं. फुचिकनं त्या नव्या बळाचाच उत्सव मांडला होता. पुढे कॅनडाच्या लोरांदोनं ही रचना छोट्या बँडसाठी बेतली, अमेरिकेतल्या सर्कशींनी ती उचलली, लय वाढली आणि मरणाला सामोऱ्या जाणाऱ्यांच्या चालीवर विदूषक नाचू लागले.

मला त्यात विटंबना दिसत नाही. लष्करी बँडचं संगीत मुळात चौकात, बागेत, तिकिटावाचून ऐकणाऱ्यांसाठीही असे. तिथून ते जगभरच्या पोरांपर्यंत पोचलं, हे भाग्यच. खंत एवढीच, की धून पोचली आणि माणूस मागे राहिला. त्यानं शेकडो रचना केल्या, बासून या जाड्या आवाजाच्या वाद्यासाठी प्रेमानं पोल्का लिहिली, आणि १९१६ साली, महायुद्ध चालू असताना, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो बर्लिनमध्येच वारला.

पुतण्याचं नाव आम्ही आदरानं घेत होतो. काकाचा सूर तर त्याच्याही आधीपासून आमच्या कानात होता. त्यालाही तोच आदर द्यायला हवा. म्हणून घरातल्या मुलांना मी हा मार्च आधी संथ लयीत ऐकवतो, आणि कुणाचा ते सांगतो.