गाणे शिकायचे आहे, पण कोठे?

आपल्या शाळेच्या प्रत्येक तुकडीत एक-दोन मुले अशी निघतात, की बुद्धवंदनेच्या समूहस्वरातही त्यांचा आवाज वेगळा ओळखू येतो. संगीत शिकविताना या मुलांचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. बारावी जवळ आली, की त्यांचे आईवडील एकच प्रश्न विचारतात : "सर, पोराला गाण्याच्या कॉलेजात घालावं का? गाऊन पोट भरेल का?" हा प्रश्न अरसिकपणाचा नाही. ज्या घरातून पदवीपर्यंत पोहोचणारे हे पहिलेच मूल असते, त्या घराला तीन वर्षे वाया घालविणे परवडत नाही.

या प्रश्नाचा आपल्या नाशिकशी जवळचा संबंध आहे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरुगृही बंदिस्त असलेली विद्या त्यांनी वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तके आणि परीक्षा यांच्या चौकटीत आणली. उत्तरायुष्यात ते नाशिकला पंचवटीत आश्रम करून राहिले. त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बंद दाराचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच अर्ज भरून, आवाजाची चाचणी देऊन प्रवेश मिळविता येणारे संगीत महाविद्यालय मला मोलाचे वाटते. तेथे घराणे विचारीत नाहीत. निदान विचारू नये, असा नियम तरी असतो.

आपली मुले कोऱ्या पाटीने तेथे जातात, असेही नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक याच मातीतले. भीमगीते ऐकत वाढलेल्या मुलाला लय आणि शब्दफेक उपजत वाटावी इतकी सहज येते. त्याला कमी पडते ती विलंबित ख्यालातील सबुरी आणि तानपुऱ्याशी एकरूप होणारा स्थिर षड्ज.

वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली, विद्यापीठातील संगीताची पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, बडोदे व बनारस येथील विद्याशाखा ही त्यातली परिचित नावे. खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच दिवशी सुरू झाले. पदवीनंतर एम.ए., नेट-सेट आणि अध्यापन असा मार्ग खुला राहतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची शासकीय शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते, खासगी शिकवणीला नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी वाट म्हणजे अन्य विषयाची पदवी घेत गुरूंकडे शिकणे आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत देणे. घरची निकड मोठी असेल तर ही वाट शहाणपणाची. मात्र विशारद कोठे पदवीसमान धरतात, हे त्या त्या संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.

तिसरी वाट पूर्णवेळ गुरुकुलाची. कोलकात्याची आय.टी.सी. संगीत रिसर्च अकादमी हे तिचे ठळक उदाहरण. ती थोड्यांसाठीच असते, आणि तिथवर पोहोचण्याआधी आवाज बराच तयार असावा लागतो.

वाट कोणतीही असो, मी मुलांना तीन गोष्टी पाहून यायला सांगतो. रोज समोर बसवून शिकविणारा गुरू आहे का? वसतिगृहात पहाटे खर्जाचा रियाज करू देतात का? आणि तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात? इमारतीपेक्षा ही उत्तरे महत्त्वाची. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचाही अर्ज अवश्य करावा.

पालकांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे : केवळ मैफलीवर पोट भरणारे थोडे, अध्यापन, आकाशवाणी, साथसंगत आणि शिकवणी यांची जोड देऊन सन्मानाने जगणारे पुष्कळ. म्हणून पदवी सोडू नये आणि पदवीसाठी रियाजही सोडू नये.

अतिश्रमाने खचून गृहस्थाश्रमाकडे परतू पाहणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचीच आठवण करून दिली होती. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. मुलाची ओढ आणि घराची गरज यांतही अशीच तार जुळवावी लागते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेक जण आज पुण्या-मुंबईत स्थिरावले आहेत. प्रवेशचाचणीसाठी येणाऱ्या आपल्या मुलाला दोन रात्रींचा निवारा आणि परीक्षागृहापर्यंतची सोबत द्या. अनोळखी शहरात पहिल्या दिवशी सूर ढळू नये, यासाठी एवढा आधार फार मोठा असतो.