पुस्तकाने सांगितलेले पुस्तक

नवे पुस्तक कसे सापडते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: हातातल्या पुस्तकाला विचारा. परीक्षणे आणि पुरस्कारांच्या याद्या मीही वाचतो, पण त्यांवरून आणलेली कितीतरी पुस्तके कपाटात तशीच राहतात. एखाद्या लेखकाने मात्र दुसऱ्याचे नाव आदराने घ्यावे, किंवा त्याच्याशी तावातावाने भांडावे, की ते दुसरे पुस्तक मिळेपर्यंत मला चैन पडत नाही.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ हाती आले, त्याआधी महाभारत मला ठाऊक आहे अशीच माझी समजूत होती. आजीकडून ऐकलेले, दूरदर्शनवर पाहिलेले. ‘मयसभा’ हे प्रकरण वाचले आणि खांडववन पहिल्यांदा खरोखर जळताना दिसले. तोवर ती अग्नीची भूक भागवण्याची गोष्ट होती. इरावतीबाईंनी होरपळलेली जनावरे दाखवली, मारले गेलेले नाग दाखवले, आणि पांडवांचे वैभव त्या राखेवर उभे आहे हे विसरू दिले नाही.

मग प्रश्न पडला, या बाई बोलताहेत ते महाभारत कोणते? त्या पुन्हा पुन्हा आधार घेत होत्या तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा. तिची हकीकत शोधत गेलो आणि एका वेगळ्याच विश्वात शिरलो. काम सुरू झाले १९१९ साली, पुरे झाले १९६६ साली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची १,२५९ हस्तलिखिते तपासून, एकेका श्लोकाचे पाठ ताडून, १९ खंड उभे राहिले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाला शिस्त घालून दिली आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण केले. १९४३ साली ते गेले, आणि इतरांनी ते काम आणखी तेवीस वर्षे चालू ठेवले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आपल्या घराघरातली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. श्रद्धा दुखावली म्हणून नव्हे. इतक्या निष्ठेने, इतक्या सबुरीने कोणी एखादा ग्रंथ वाचू शकते, या आनंदाने.

‘युगान्त’ परत करायला गेलो, तेव्हा वाचनालयातल्या काकांनी न विचारता दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ पुढे केले. ‘युगान्त’ १९६७चे, हे १९६२चे. पाच वर्षांच्या अंतराने दोन विदुषी एकाच भाषेत, एकाच द्रौपदीविषयी लिहितात आणि दोन वेगळ्या स्त्रिया समोर येतात! इरावतीबाई नातीगोती आणि समाजाचे नियम मोजून पाहतात, तर दुर्गाबाई त्या माणसांच्या मनातल्या काव्याकडे ओढल्या जातात. मला दोघी हव्यात. एकीवाचून दुसरी अपुरी वाटते.

आणि दुर्गाबाईंमुळे आले ‘ऋतुचक्र’. महाभारताच्या शोधात निघालेला मी बारा महिन्यांच्या फुलापानांत येऊन पोहोचलो, आणि रोजच्या रस्त्यावरची झाडे नावानिशी ओळखू लागलो. ही वाट कोणत्याही यादीत सापडली नसती. फोनवरच्या शिफारशी आपल्या आवडीचेच आणखी थोडे पुढे करतात. चांगले पुस्तक आपल्याला आवड नसलेल्या मुलखात नेऊन सोडते.

म्हणून एक विनंती. पुस्तक संपले म्हणून लगेच मिटू नका. प्रस्तावना राहिली असेल तर वाचा, तळटीपा वाचा, शेवटची संदर्भसूची वाचा, अर्पणपत्रिकेतले नाव कोणाचे ते पाहा. त्यातले एक नाव चिठ्ठीवर लिहा, जवळच्या वाचनालयात जा आणि ते पुस्तक मागा. नसेल तर मागवायला सांगा.