शंखासुराचे वैर

गोदावरीस आमच्या गंगाखेडात गंगाच म्हणतात. समुद्र मात्र आम्ही बाळपणी पाहिला नव्हता. परभणी जिल्ह्यातल्या मुलास तो कार्तिकमाहात्म्यातच भेटे. सागराचा पुत्र शंखासुर वेद पळवून पाण्यात दडला आणि विष्णूने मत्स्यरूपाने ते परत आणले, ही कथा आजोबा सांगत. वेदांच्या सहा अंगांत ज्योतिष एक, आणि गणितावाचून ज्योतिष पांगळे, असेही ते वर जोडीत. त्यावरून आम्ही आपले अनुमान काढले होते: वेदांबरोबर गणितही बुडाले असणार, आणि असुराने राग काढला तो त्याच्यावरच. पावकी-निमकीपर्यंत आम्ही कसेबसे तरत असू. सवायकीत नाकातोंडात पाणी जाई. औटकी तर साक्षात शंखासुराचा जबडा!

अक्काला या असुराचे भय नव्हते. ती आमच्याहून नऊ वर्षांनी वडील. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. भाकरी थापता थापता ती विचारी, "तेरा औट किती रे?" आम्ही बोटे मोजीत असू तोच "साडेपंचेचाळीस" म्हणून ती भाकरी उलटीत असे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने दक्षिण कोकणात गेलो, तेव्हा दशावतारी खेळात हा संकासुर प्रत्यक्ष पाहिला. काळ्या वेषातला तो खलपुरुष मालवणीत असे काही बोले की प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळे. आम्हांस मात्र औटकी आठवली.

त्याच सुमारास लीलावतीची दंतकथा वाचनात आली. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या या ग्रंथाचे अकबराच्या दरबारातील फैजीने 1587 मध्ये फारसी भाषांतर केले. ही कथा त्यात येते. कन्येच्या लग्नाचा मुहूर्त साधावा म्हणून आचार्यांनी घटिकापात्र पाण्यावर सोडले. मुलगी कुतूहलाने वाकली, तिच्या अलंकारातला एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, आणि घटिका टळून गेली. त्या दुःखावर उतारा म्हणून पित्याने तिच्या नावे गणिताचा ग्रंथ लिहिला. इतिहास या कथेस पुरावा मागेल, मागो बापडा. आम्हांस त्यातला मोती पुरे. मोती सागराचेच अपत्य, म्हणजे शंखासुराचे भावंड. बिचाऱ्याने डाव साधला तो एका हिशेबाचा घात करण्यासाठी, आणि पदरात पडले काय, तर आणखी गणित!

पण हसता हसता आम्ही थबकलो. लीलावतीस गणित मिळाले ते लग्न मोडले म्हणून.

अक्काचे लग्न 1957 च्या वैशाखात झाले. घरात घड्याळ होते, तरी भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलेच. सात वर्षांचे आम्ही शेजारी बसून ते भरताना पाहत होतो. नववधूच्या अंगावर मोती नव्हता. पात्र ठरल्या वेळी बुडाले, वाजंत्री वाजली. त्यानंतर अक्काची औटकी दुधाच्या रतिबात आणि दिरांच्या शेतीच्या वाट्यांत खर्ची पडली.

गेल्या दिवाळीस तिच्याकडे गेलो असता ही कथा तिला सांगितली. चौऱ्याऐंशी वर्षांची अक्का शांतपणे ऐकत होती. तिला वाईट वाटेल या भीतीने आम्ही शेवट जरा आवरता घेतला.

"पात्राचे भोक केवढे होते, आणि मोती केवढा?" तिने विचारले. "पूर्ण बुजले नसेल, तर पात्र किती उशिरा बुडाले असते ते काढता येईल की."

आम्हांस उत्तर आले नाही.