फोटोपुरतं पिल्लू

फुकेतच्या सहलींच्या कार्यक्रमात फी फी बेटं असतात, जेम्स बाँड बेट असतं, रात्रीचा बाजार असतो. बांग पेचा धबधबा नसतो. आमच्याही नव्हता. एक सकाळ मोकळी मिळाली, बाकीची मंडळी खरेदीला निघाली आणि आम्ही दोघांनी टॅक्सी केली.

रस्ताभर व्हिलांच्या जाहिराती होत्या. प्रत्येक टेकडीवरून समुद्र दिसणार, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव मिळणार. तांबड्या मातीचे कापलेले उतार मधूनमधून उघडे पडलेले. २०२४च्या ऑगस्टमध्ये याच बेटावर दरड कोसळून १३ माणसं गेली, हे त्या उतारांकडे बघताना आठवत राहिलं. मग रबराच्या बागा लागल्या आणि त्या संपल्या तिथे खाओ फ्रा थेओचं जंगल सुरू झालं. जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. फुकेतवर सदाहरित जंगल म्हणून जे काही शिल्लक आहे, ते मुख्यतः हेच.

बांग पे धबधब्याच्या वाटेवर गिबन पुनर्वसन प्रकल्प आहे. पिंजरे लांब ठेवलेले; हात लावणं, खायला घालणं काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा एका मादीनं आवाज लावला होता. आधी लांब, एकसुरी हाक, मग चढत चढत इतकी वर गेली की अंगावर काटा आला. ती खाली उतरता उतरता नरानं साथ दिली. जोडीनं गाऊन आपली हद्द सांगायची, ही गिबनांची रीत. इथे हद्द होती पिंजऱ्याएवढी.

जाळीला एका हातानं लटकलेला एक गिबन बराच वेळ आमच्याकडे बघत होता. अंग काळसर आणि हात मात्र मनगटापर्यंत पांढरे, कणीक मळता मळता उठून आल्यासारखे. शेपूट नाही, हे माकड नव्हे, कपी. बोटं नुसती तारेत अडकवलेली, अंगठा पार मनगटाजवळ. हा सगळा देह एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झोके घेत जाण्यासाठी घडलेला आहे.

तिथल्या स्वयंसेवक मुलीनं सांगितलं ते ऐकवत नव्हतं. पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून असतं, म्हणून आधी आईला गोळी घालतात. ती उंच झाडावरून पडते, तिच्याबरोबर पिल्लूही. कित्येक पिल्लं तिथेच मरतात. वाचलेलं एखादं किनाऱ्यावर, बारमध्ये येतं, पर्यटकांच्या खांद्यावर बसतं. सहा-सात वर्षांचं झालं की सुळे वाढतात, ते चावायला लागतं आणि मग ते कुणालाच नको असतं. फुकेतच्या जंगलातले गिबन तर शिकारीनं १९८०च्या दशकापर्यंत संपलेच होते. १९९२मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि त्याच वर्षी थायलंडचा वन्यजीव संरक्षण कायदाही आला. तेव्हापासून पिंजऱ्यातून सोडवलेल्यांची जोडी जमवायची, त्यांना पिल्लू झालं की अख्खं कुटुंब याच जंगलात सोडायचं, असं चिकाटीचं काम चाललं आहे. कावीळ बीची लागण झालेल्यांना मात्र सोडता येत नाही. त्यांचा जन्म इथेच जायचा.

आणि सोडायचं तरी कुठे? गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडांचे शेंडे जिथे तुटले, तिथे त्याची वाट संपली. एक रुंद रस्ता, एक मोकळा केलेला उतार पुरतो. चारही बाजूंनी बांधकामं सरकत आली की हे जंगल बेटातलं बेट होऊन बसणार. पर्यटनानं आधी यांना रानातून किनाऱ्यावर आणलं. आता परतायला एवढंसं रान उरलंय, त्याच्या कडेलाही पर्यटनच येऊन उभं आहे. मला याचा संताप येतो, आणि तो यावा असंच वाटतं.

त्याच रात्री फुकेतमधल्याच पातोंगच्या रस्त्यावर आमच्या गटातले एक काका हाक मारत होते, "अहो वहिनी, या ना इकडे, किती गोड आहे बघा!" त्यांच्या तळहातावर लोरिस होतं. रात्रीचा प्राणी, दिव्यांच्या झगमगाटात त्याचे मोठाले डोळे अर्धवट मिटलेले. त्याचा चावा विषारी असतो, म्हणून अशांचे दात कापून टाकतात. मी काकांना तिथेच सांगितलं. तोवर पैसे देऊन झाले होते, फोटोही निघाला होता. प्राणीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सकाळी टूर मॅनेजरशी बोलले. "त्या रस्त्यावर नेऊ नका म्हणालात तर लोक भांडतील," तो म्हणाला. "पण बसमध्ये तुम्ही सांगा, माइक देतो." मग विमानतळाच्या वाटेवर मी बोलले. आईला आधी मारतात, इथपासून. बांग पेला अर्धा दिवस ठेवा, असंही मॅनेजरला सगळ्यांदेखत सांगितलं. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर दिला. असा प्राणी दिसला तर पैसे द्यायचे नाहीत, फोन करायचा.

काका मागच्या सीटवरून उठून पुढे आले. "नंबर परत सांगा," म्हणाले. "दिवाळीत धाकटा भाऊ येणार आहे इथे, सगळ्यांना घेऊन."