पिसं डावी की उजवी

माझी लेक डावखुरी आहे. धनुष्य उजव्या हातात धरते आणि दोरी डाव्या हाताने ओढते. त्यामुळे पुण्यातल्या बालेवाडीच्या तिरंदाजीच्या मैदानावर नेम धरायच्या रेषेवर उभी राहिली की शेजारच्या मुलाकडे तिची पाठ नसते, दोघं अगदी समोरासमोर येतात. नवीन मुलं आधी गोंधळतात, मग सवय होते. धनुष्याचा रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग, बोटांवरचा टॅब, सगळं तिच्यासाठी वेगळं मागवावं लागतं. बाणाच्या पिसांचंही तसंच असतं का, हा प्रश्न मात्र ती रिकर्व्ह धनुष्यावर आल्यावरच आमच्यासमोर आला.

त्याआधी ती इंडियन राउंड खेळायची. बांबूचं धनुष्य, साधे बाण आणि त्यांना खरी पिसं. खऱ्या पिसाच्या बाबतीत दिशा माणूस ठरवतच नाही, पक्षी ठरवतो. डाव्या पंखातलं पीस एका अंगाला वळलेलं असतं, उजव्यातलं दुसऱ्या. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच पंखाकडची हवीत. दोन डावी आणि एक उजवं लावलं, तर ती हवेत एकमेकांविरुद्ध ओढतात. तेव्हा तिच्या प्रशिक्षक सरांनी एवढंच शिकवलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

रिकर्व्हच्या बाणाच्या कार्बन शाफ्टवर, म्हणजे काडीवर, पिसांच्या जागी आल्या त्या स्पिन व्हेन. पातळ प्लॅस्टिकच्या, कडेला वळलेल्या, बोटभर लांबीच्या पट्ट्या. शाळा, क्लास आणि बालेवाडीची बस यातून तिला वेळ मिळेना, म्हणून त्या चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. रात्री जेवणं झाली की ओटा पुसून मी बसते. शाफ्ट स्पिरिटने पुसायचा, तीन बाजूंना समान अंतरावर बारीक रेघा मारायच्या, दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, तिच्यावर व्हेन टेकवायची आणि दोन्ही टोकांना बारीक टेपचा वेढा द्यायचा. पावसाळ्यात पुण्याची दमट हवा त्या टेपला सोसत नाही. आदल्या रात्री घट्ट बसलेली कड दुसऱ्या दिवशी उचललेली दिसते. टोकाचा वेढा टाळायचा नाही, हे मी त्यातूनच धरलं.

व्हेनची पाकिटं दोन प्रकारची असतात, डावी आणि उजवी. उजवी लावली की मागून पाहताना बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, डावी लावली की उलट. फिरण्याचा फायदा दोन्हींत सारखाच. शाफ्ट कितीही चांगला असला तरी एखाद्या बाजूला किंचित जड किंवा किंचित वाकडा असतोच. बाण फिरत राहिला की तो दोष एकाच बाजूला खेचत नाही. सत्तर मीटरवरच्या 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर हे पुरेपूर जाणवतं.

मग डावी की उजवी? मैदानावर ज्याला विचारावं त्याचं मत ठाम. डावखुऱ्याला डावी, उजव्याला उजवी, असं बहुतेक सांगत. चाकांचं कंपाउंड धनुष्य वापरणाऱ्या एका मुलाचं म्हणणं होतं की उजवीच लावा, कारण त्याच्या बाणांची टोकं स्क्रूची आहेत. बाण लक्ष्यात शिरताना टोक आधी अडतं आणि शाफ्ट फिरत राहतो. उजव्या फिरकीने स्क्रू आवळला जातो, डावीने सैल होतो. कारण अगदी खरं आहे. पण लेकीच्या बाणांची टोकं गरम ग्लूने बसवलेली असल्यामुळे तिला ते लागू नव्हतं.

सर म्हणाले, ‘‘ताई, बाणालाच विचारूया.’’ त्यांनी व्हेन नसलेला बाण घेतला आणि नॉकवर, म्हणजे दोरीत बसणाऱ्या मागच्या खाचेवर, चंदेरी पेनाने वरच्या बाजूला एक रेघ ओढली. लेकीला लक्ष्यापासून जेमतेम दोन मीटरवर उभं केलं. बाण रुतल्यावर ती रेघ वर नव्हती, डावीकडे सरकली होती. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडे. म्हणजे हवेने काही करायच्या आधी, दोरी सोडतानाच बाणाला थोडी फिरकी मिळत होती. बरेच तिरंदाज तिचा संबंध दोरीच्या पिळाशी लावतात.

लेक लगेच म्हणाली, ‘‘मग ठरलं, डावी.’’ सरांनी तिला थांबवलं. शेजारच्या उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाच्या धनुष्यावरून तसाच बाण मारून घेतला. तोही डावीकडेच फिरला, आणि त्याच्या बाणांना उजव्या व्हेन होत्या. हात बदलला तरी फिरकी तीच निघाली. आणि उलट दिशेच्या व्हेन लावूनही त्या मुलाचे बाण सत्तर मीटरवर एकमेकांजवळ पडत होते. दोरीची ती फिरकी इतकी हलकी असते की व्हेन तिला लवकरच आपल्या दिशेला वळवून घेतात. मला तिथे पटलं की खरा निकाल दुसरीकडे कुठेतरी आहे.

तो निघाला टाल्कम पावडरीतून. बोटांवरून दोरी सुटताना ती थोडी बाजूला सरकते. त्या धक्क्याने बाण सरळ न निघता मासळीसारखा वळवळत रायझरला वळसा घालून जातो. या वळशात व्हेन बाण टेकवायच्या रेस्टला किंवा रायझरला घासली, तर दिशा कुठलीही असो, बाण बिघडतो. आम्ही रेस्ट आणि रायझरवर पावडर उडवली. उजव्या व्हेनचा बाण गेला की पावडरीत बारीक ओरखडा उठायचा आणि एका व्हेनच्या वळलेल्या कडेला पांढरी रेघ दिसायची. डाव्या व्हेनचा बाण गेल्यावर पावडर जशीच्या तशी. तिचं धनुष्य बाकीच्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखं, म्हणून व्हेनची वळलेली कडही आरशातलीच हवी. मैदानावरचा सल्ला बरोबर निघाला. पण त्यामागचं कारण फिरकी नव्हतं, घासणं होतं. नॉक थोडा फिरवूनही घासणं कमी करता येतं, पण डाव्या व्हेन लावल्यावर त्याची गरजच उरली नाही.

एवढ्या बारकाईमागे मुलांची मोठी स्वप्नं असतात. फलटणजवळच्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. त्या ऑलिंपिकआधीचं राष्ट्रीय शिबिर इथेच, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये होतं. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम लढतीत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. आमच्या मैदानावरची मुलं या नावांवर पोसली आहेत. मला मात्र त्या दीडशेमागे कोणीतरी टेप दाबत बसलेलं दिसतं, कारण प्रत्येक बाण आधीच्या बाणासारखाच असल्याशिवाय तो आकडा येत नाही.

म्हणून आता घरात डाव्या व्हेनचीच पाकिटं ठेवते. पुण्यातल्या दुकानात बहुतेक वेळा उजवीच मिळतात, डावी आधी सांगून मागवावी लागतात. एखाद्या बाणाची व्हेन फाटली आणि डावी शिल्लक नसली, तर तो बाण भात्याबाहेर ठेवते, पण एका संचात दोन दिशा येऊ देत नाही. दोरी बदलली, रेस्ट हलवली किंवा शाफ्ट नवे घेतले की पावडरीचा डबा पुन्हा बालेवाडीला येतो. येत्या महिन्यात तिच्या धनुष्याचे लिंब, म्हणजे रायझरच्या वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, बदलायचे आहेत, तेव्हाही नवीन व्हेन चिकटवायच्या आधी तो लागेल.