दोन जुने संगणक आणि आईंचे पाळणे



घरात इंटरनेट आहे म्हणजे घरातले सगळे संगणक एकमेकांशी बोलतात, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. एकाच घरात राहून दोन यंत्रांची ओळखही नसू शकते. आमच्याकडे हेच झालं होतं, आणि घाईच्या वेळी लक्षात आलं.

मागच्या खोलीत सासऱ्यांचा संगणक आहे, विंडोज एक्सपीवाला. त्यात मामंजींनी टाइप केलेली घराण्याची वंशावळ आहे, आणि सासूबाईंच्या आवाजात भरून ठेवलेले पाळणे. महावीर जयंतीला आई म्हणायच्या ते सगळे, शिवाय नातवंडांसाठी त्यांनी स्वतः रचलेले दोन-तीन. तीन वर्षांपूर्वी आईंना अर्धांगवायू झाला. आता त्या चार शब्द बोलतात, पण सूर लागत नाही. म्हणजे तो आवाज जगात त्या एकाच डब्यात उरलेला, आणि डब्याची हार्ड डिस्क मध्येच टक् टक् करायला लागलेली. असा आवाज म्हणजे तिचे दिवस भरत आले.

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह लावायचा. यूएसबीची सगळी भोकं मेलेली आहेत. कीबोर्ड-माऊस गोल पिनांचे, म्हणून चालतात. सीडीचा कप्पा उघडत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ठेवून जा, फॉरमॅट करून देतो." मी डबा उचलून घरी आणला. नेटवर्कची केबल लावायची जागा मात्र शाबूत होती. तीच एक वाट. दुसऱ्या टोकाला माझा जुना लॅपटॉप, विंडोज 7चा.

दोघांपैकी कुणालाच दुसरा दिसेना. मागच्या खोलीत मोबाइलला नेट छान येत होतं, म्हणून आमच्या ह्यांचं म्हणणं, "राउटर ठीक आहे, संगणकच म्हातारा झालाय." मला ते पटेना. दोन्हीकडे काळी खिडकी उघडली (स्टार्टमध्ये जाऊन रनमध्ये सीएमडी लिहायचं) आणि आयपीकॉन्फिग असं टाइप केलं. लॅपटॉपचा पत्ता आला 192.168.1.103. एक्सपीचा आला 192.168.0.100. तिसरा आकडा बघा. एकीकडे 1, दुसरीकडे 0. गोम तिथेच होती.

आमच्याकडे राउटर दोन आहेत. हॉलमध्ये इंटरनेट कंपनीचा, आणि मागे वाय-फाय पोचत नाही म्हणून तिकडे आमचा जुना. कंपनीच्या राउटरमधून आलेली केबल या जुन्या राउटरच्या इंटरनेटच्या भोकात, म्हणजे वॅनमध्ये, खोचलेली होती. तसं केलं की मागचा राउटर आपलं वेगळं बिऱ्हाड मांडतो, आपल्या हाताखालच्यांना स्वतः पत्ते वाटतो. वाड्यात मागच्या बिऱ्हाडाने आतून कडी लावून घ्यावी, तसं. ते बाहेर जाऊन बाजार करून येतात, म्हणून नेट चालतं. पण पुढच्या घरातून हाक मारली तर आत ऐकू जात नाही.

कडी काढायची ती अशी. आधी वॅनमधली केबल काढली. मोबाइल मागच्या वाय-फायला जोडून 192.168.0.1 हे पान उघडलं आणि राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला. पान गायब होतं, घाबरू नका, राउटर पुन्हा चालू होत असतो. मग नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकट्या हॉलमधल्याकडे. शेवटी ती केबल वॅनऐवजी बाकीच्या चार लॅन भोकांपैकी एकात लावली. (मागचं बारीक बटण टाचणीने दाबून रिसेट करा, असा सल्ला कुणीतरी देईलच. कंपनीच्या राउटरवर ते कधी करू नका. कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घर बिननेटचं.)

एक्सपी बंद करून चालू केला. पत्ता आला 192.168.1.104. लॅपटॉपवरून पिंग केलं, चारही उत्तरं आली. पण लॅपटॉपच्या नेटवर्कच्या यादीत त्याचं नाव दिसेना, कारण एक्सपीचा वर्कग्रुप होता एमएसहोम आणि लॅपटॉपचा नुसता वर्कग्रुप. ते नाव जुळवलं नाही तरी अडत नाही. एक्सपीवर फोल्डर शेअर केलं, लॅपटॉपवर नेटवर्क 'होम' ठेवलं, आणि वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट पत्ता लिहिला. फोल्डर उघडलं.

त्या वेळी साडेचार वाजले होते, आणि सूर्यास्ताच्या आत आईंचं जेवण व्हायचं होतं. म्हणून आधी फक्त पाळणे घेतले, थोडे थोडे करून. मरायला टेकलेल्या डिस्कवरून सगळं एकदम ओढू नये, आणि कटही करू नये, कॉपीच करावी. ही केबल 100 मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. पण डिस्कच अडखळत होती, तासाभराहून जास्त लागला. कणीक मळताना मी मधूनमधून हिरवी पट्टी बघत होते. आई दारातून विचारत होत्या, "आलं?" त्यांना एवढा शब्द स्पष्ट येतो.

वंशावळ दुसऱ्या दिवशी घेतली. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मामंजींनी ती युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. तुमच्याकडे अशा फाइली असतील तर जुन्या संगणकाच्या विंडोजमधलं फॉन्ट्स हे फोल्डरही उचला, नाहीतर मजकूर असून वाचता येणार नाही.

काम झाल्यावर एक्सपीची केबल काढून ठेवली. त्याला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेची डागडुजी एप्रिल 2014 पासून बंद आहे, माझ्या लॅपटॉपच्या विंडोज 7ची जानेवारी 2020 पासून, आणि फाइली देण्याघेण्याची त्यांची ती जुनी पद्धत 2017 च्या वॉनाक्राय विषाणूने जगभर वापरली होती. पाळण्यांची एक प्रत बेळगावला वन्संकडे पाठवली आहे, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात. दोन पाळण्यांचे शब्द मला नीट लागत नाहीत. कुणाच्या घरी जुन्या बायका म्हणत असतील तर मला कळवा, मी ध्वनिफीत पाठवते.