सिग्नल पडला!

परवा शिरूरला मामाकडे गेले होते. जेवणं झाल्यावर मामेभावाचा दहावीतला मुलगा म्हणाला, "आत्या, मराठीत शब्दच कमी आहेत. साध्या सिग्नलला तरी आहे का?"

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. उत्तर पाठच होतं. 'अग्निरथगमनागमनदर्शकलोहपट्टिका!' सगळे हसले. मीही हसले, आणि मग जाणवलं की या विनोदाने पोराचंच म्हणणं खरं ठरतंय.

हा शब्द कुणी सावरकरांच्या नावावर खपवतं, कुणी आणखी कुणाच्या. प्रत्येकाची पट्टिका वेगळ्या धातूची! सावरकरांचे म्हणून रुळलेले 'महापौर', 'दिनांक' किती सुटसुटीत आहेत. संस्कृत समासाला डबे जोडत गेलं की मालगाडीएवढा शब्द कुणालाही करता येतो. दौंडला मात्र तो कुणी वापरला नाही. आमच्याकडे म्हणायचे, 'सिग्नल पडला'. जुन्या सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांबा, खाली पडला की गाडी येणार. नाव इंग्रजीतलं, क्रियापद आपलं. पुढे दिव्यांचे सिग्नल आले, पडायला हात उरला नाही, तरी बाबा शेवटपर्यंत तसंच म्हणत. आज चौकात सिग्नल लागतो, सुटतो, आणि कुणीकुणी तो तोडतंही.

पोराने दुसरा बाण काढला. "एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द आहेत!"

ही तर जगभर फिरलेली थाप. फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली चार शब्द दिले होते, पुढच्यांनी आकडा फुगवला. त्या भाषांत मूळ शब्दाला प्रत्यय चिकटत जातात, मग मोजणार काय? आपला 'घरातल्यांनासुद्धा' घ्या. आपण एक शब्द लिहितो, इंग्रजीला सहा सुटे लिहावे लागतात. यात श्रीमंत कोण नि गरीब कोण?

मामा इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होता. म्हणाला, "ते राहू दे. यंदा निडवा ठेवू का मोडू?"

"निडवा म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर पोराने दिलं. लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच खोडांना फुटतो तो खोडवा, आणि खोडवा तुटल्यावर पुन्हा फुटतो तो निडवा.

"अरे, मग एवढे शब्द येतात की तुला!"

"ते शेतातले शब्द आहेत, आत्या. मराठीतले नाहीत."

यावर मला काही बोलता आलं नाही. कारण मीही तेच केलं होतं. बाबा ड्यूटीवरून येऊन जे बोलत, ते मी 'रेल्वेचं बोलणं' म्हणून कानाआड केलं. मराठी म्हणजे पुस्तकातली, अशी माझी पक्की समजूत. त्यांच्या बोलण्यातलं आता 'सिग्नल पडला' तेवढं आठवतं. बाकीचं विचारायला बाबा नाहीत.

असो. मामाने निडवा ठेवलाय. पोराला मी एक वही दिलीये.